सरकारला घातलेलं गाऱ्हाणं

पावसच्या स्टँडवर संध्याकाळची एसटी उभी होती. आत माणसं घामाघूम, ड्रायव्हर समोरच्या टपरीवर चहा पीत बसलेला आणि सुटायची वेळ कधीच टळून गेलेली. मागच्या बाकावरून आमचे भागोजीतात्या उठले, खाली उतरले, गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. त्यांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या, डोक्यावरची काळी टोपी सारखी केली आणि इंजिनाला हात जोडून खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा यष्टी म्हाराजा! आज ही तुजी लेकरं तुज्या पोटात बसून हैरान झाली हायत. कोनाची गाय खोळंबली हाय, कोनाची सून वाट बगतेय. तुजा ड्रायवर च्या पितोय, पिऊ दे, त्याला गोड लागू दे. पन म्हाराजा, च्या सरल्यावर त्याला बुद्दी दे, आनि आमाला उजेड हाय तवर सड्यावरच्या गावात नेऊन सोड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खिडक्याखिडक्यांतून माणसं ओरडली.

ड्रायव्हर चहाचा ग्लास हातात घेऊनच पळत आला. तात्या शांतपणे वहाणा घालून वर चढले आणि मला म्हणाले, "बगलांत मास्तरीणबाय? पोचलं पायजे. पोचलं की काम होतं."

'पोचलं पायजे' हे तात्यांचं ब्रीद. ते समजायला आधी गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण घाटावरच्या वाचकांना ते तक्रारीसारखं वाटेल. आमच्याकडे सणावारी गावदेवीच्या देवळात गावचा मानकरी देवापुढे उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीनं मागणं मागतो. भात पिकू दे, मोहोर टिकू दे, मुंबईला गेलेल्या पोरांच्या नोकऱ्या राहू दे. मागे उभे असलेले लोक प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' असा हुंकार भरतात. हे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या गावात तात्यांच्या घराण्याकडे आहे. आता मान म्हटला की तो देवळात सुरू होऊन देवळातच संपतो. तात्यांचा मात्र देवळाबाहेर आल्यावरही चालूच राहतो. मोबाईलला रेंज नसली की ते टॉवरला गाऱ्हाणं घालतात, लाईट गेली की खांबाला. एकदा कुणाच्या तरी लग्नात पंगत उठायला उशीर झाला, तर त्यांनी आचाऱ्याला वहाणा काढून गाऱ्हाणं घातलं आणि वरमाय हसून हसून खुर्चीवरून घसरली.

मी बौद्धवाडीतली. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्त होऊन गावी परतले. आमच्या दोन वाड्यांच्या मधून एक व्हाळ, म्हणजे ओढा, जातो. त्याच्या पलीकडे तात्यांची कुणबीवाडी आणि तिथेच ते देऊळ. त्या देवळात गाऱ्हाणं चालायचं तेव्हा माझ्या आजीला पायरीशी थांबावं लागायचं. पुढे आमच्या लोकांनी देवच सोडला, त्यामुळे पायरीचा प्रश्नही सुटला. तेव्हा ज्या मागण्यात आजीला उभं राहायला जागा नव्हती, त्याला माझ्या तोंडचा हुंकार मिळणार नाही, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी एसटीतही मी ओठ घट्ट मिटून बसले होते, आणि तात्यांच्या ते लक्षात आलं होतं.

"तुमी बोललां नाय," ते म्हणाले.

"मला देव नाही, तात्या."

"देव नसंल. पन यष्टी तरी हाय का नाय?"

मी खिडकीबाहेर बघत बसले.

आमची खरी ओळख झाली ती शेवंताकाकीमुळे. ही माझी चुलत काकी, विधवा, एकटी आणि इतकी कमी बोलणारी की तिच्या घरी पाहुणा आला तर कोंबड्याच त्याची जास्त विचारपूस करतात. तिनं उमेदीची सगळी वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. काजूच्या टरफलात चीक असतो. तो हाताला लागला की कातडी जळते, निघते, पुन्हा येते, पुन्हा जळते. असं होता होता तिच्या बोटांवरच्या रेषा पार पुसून गेल्या. बोटं अशी गुळगुळीत, की सरकारच्या मशीनवर ती अंगठा ठेवते आणि मशीन म्हणतं, ओळखत नाही.

तिची निराधार पेन्शन या अंगठ्यापायी बंद पडली. दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं, आणि ते मशीनला पटावं लागतं. काकी बँकेत गेली, बँकेनं सेतू केंद्रात पाठवलं. सेतूवाल्यानं तहसील कचेरीत पाठवलं. कचेरीतल्या क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "अंगठा लागत नाही म्हणजे हयात असल्याचं सिद्ध होत नाही. बँकेत जा." काकी त्याच्यासमोर उभी राहून खोकत होती, पण खोकल्याचा रकाना त्याच्याकडे नव्हता.

मग मी अर्ज लिहिला. अर्ज लिहिणं हा माझा प्रांत. समास सोडून, मुद्दे पाडून, नियम दाखवून, शेवटी 'आपली विश्वासू' लिहून मी असा अर्ज करते की वाचणाऱ्याला पळायला जागा राहत नाही. अडचण एवढीच, की तो वाचावा लागतो. माझा अर्ज क्लार्कच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये गेला आणि त्याच्यावर दुसरे अर्ज चढत गेले. मी स्मरणपत्र दिलं. तेही ट्रेमध्ये गेलं. काकी उसन्या तांदळावर दिवस काढत होती आणि मी घरी येऊन भांडी आपटत होते.

एका सकाळी तात्या व्हाळ ओलांडून माझ्या पडवीत आले. पांढरा सदरा, काळी टोपी, मानेमागे कॉलरला अडकवलेली छत्री आणि हातात नारळ.

"लिवलांत तुमी चांगलंच असंल," ते म्हणाले. "पन बोललं कोन?"

"अर्ज म्हणजे बोलणंच असतं, तात्या."

"त्ये मुक्यानं बोलनं. पोचलं पायजे. चला, शेवंताला घ्या."

मी नको नको म्हणत होते. पण काकीनं चपला घातल्यासुद्धा, म्हणून मला जावं लागलं.

रत्नागिरीच्या कचेरीत त्या दिवशी ही गर्दी. तात्यांनी दारातच वहाणा काढल्या आणि थेट क्लार्कच्या टेबलावर नारळ ठेवला. क्लार्क दोन्ही हात वर करून खुर्चीसकट मागे सरकला. "अहो आजोबा, हे काय? लाच देताय? उचला आधी!"

"लाच न्हवं. ठेवनीचा नारळ हाय," तात्या म्हणाले. "काम झालं की माजा मी परत नेनार. तुमाला एक तुकडा गावंल, तोबी सगळ्यांबरोबर." आणि टोपी सारखी करून त्यांनी हात जोडले, क्लार्कला नाही, त्याच्या मागच्या कपाटांना.

"बा सरकार म्हाराजा! ही शेवंता. हिनं जलमभर काजू फोडलेन. काजू जगानं खाल्लेन आनि हिची बोटं चिकानं खाल्लीन. आता तुजं मिशीन म्हनतंय, ही नाय! ही हाय म्हाराजा! ही बग उबी हाय. हिला भूक हाय, हिला खोकला हाय. मेलेल्या मानसाला कदी खोकला येतो काय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!" रांगेतल्या माणसांनी सवयीनं जोरात हुंकार भरला.

तात्या गर्रकन मागे वळले. "हितं नाय म्हनायचं, मेल्यांनो!"

"नाय म्हाराजा!" रांगेनं तत्परतेनं दुरुस्ती केली. काकीला हसू आलं, हसता हसता खोकला आला आणि खोकला असा लागला की पुरावा म्हणून तो दाराबाहेरच्या शिपायालाही ऐकू गेला.

आतून नायब तहसीलदार बाई बाहेर आल्या. तरुण होत्या, घाटावरच्या. त्यांनी जन्मात गाऱ्हाणं ऐकलं नसावं. "काय चाललंय हे?" असं त्यांनी विचारलं खरं, पण तात्यांनी काकीचे हात धरून त्यांच्यापुढे उलटे केले तेव्हा त्या जवळ आल्या. त्यांनी स्वतःचं बोट काकीच्या बोटावरून फिरवलं. मग अर्ज मागितला. ट्रे उपसला गेला आणि तळातून माझा अर्ज निघाला, मुद्दे पाडलेला, नियम दाखवलेला. बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला आणि म्हणाल्या, "यात सगळं आहे की. मी प्रत्यक्ष पाहिलं असं लिहून देता येतं मला." त्यांनी लिहून दिलं, शिक्का मारला, आणि काकी सरकारदरबारी पुन्हा जिवंत झाली.

परतीच्या एसटीत आमचा वाद जुंपला. मी म्हणत होते, अर्जामुळे झालं. तात्या म्हणत होते, अर्ज तळाला झोपला होता, त्याला उठवला कुणी? शेवटी आम्ही दोघांनी काकीकडे पाहिलं. काकी म्हणाली, "हूं." आणि शेंगदाणे खात बसली.

त्यानंतर आमचं दुकान चालायला लागलं. व्हाळाच्या दोन्ही बाजूंनी माणसं यायला लागली, मग पूर्णगडकडूनही यायला लागली. मी लिहायचं, तात्यांनी घालायचं आणि काकीनं सोबत यायचं, कारण तिला आता कचेरीची गोडी लागली होती. एका कोळणीचं नाव आधार कार्डावर एक आणि बँकेत दुसरं होतं. तिला दोन वेगळ्या बायका धरून दोघींनाही नाकारलं होतं. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, दोन बायका मानतोस तर दोगींची पेन्शन दे, नायतर एक मान आनि एकीची दे!" त्या कोळणीनं काम झाल्यावर आम्हाला इतके बांगडे दिले की माझं घर दोन दिवस धुवावं लागलं. एका पांगळ्या माणसाला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी वरच्या मजल्यावर बोलावलं होतं आणि लिफ्ट बंद होती. तात्यांनी जिन्याला गाऱ्हाणं घातलं. डॉक्टर खाली आले. कचेरीतले लोकही सरावले. तात्या दारात वहाणा काढताना दिसले की तो क्लार्क आपण होऊन ट्रे उपसायला घ्यायचा. नारळ मात्र तोच राहिला. प्रत्येक वेळी नवं काम निघायचं, म्हणून तो फुटायचाच राहिला. आतलं पाणी आटलं आणि हलवला की खुळखुळ वाजू लागला.

मी सुखात होते, खोटं कशाला बोलू. शाळेत असताना मुलांना नागरिकांचे हक्क शिकवले, पण ते असे फळाला येताना पहिल्यांदाच बघत होते. तात्यांच्या म्हाराजाचा मला पूर्वीसारखा त्रासही होत नव्हता. देव मी सोडला होता, पण सरकार कुणालाच सोडता येत नाही, तेव्हा त्याला कुणी हाक मारत असेल तर मारू दे. तरी हुंकार मी देत नव्हते तो नव्हतेच.

एका दुपारी कसल्याशा सहीसाठी मी तात्यांच्या घरी गेले. इतक्या दिवसांत मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तेच यायचे. शिमगा जवळ आला होता. पुढच्या अंगणातलं खळं सारवलेलं, पडवी झाडलेली, आणि आतल्या कॉटवर नवी चादर घातलेली. "पोरगा येतोय शिमग्याला," ते म्हणाले. त्यांचा सदा मुंबईला आहे हे मला ठाऊक होतं. तो कित्येक शिमग्यांना आलेला नाही, त्याचा फोन लागत नाही, हेही साऱ्या वाडीला ठाऊक होतं. चुलीवर पेज होती आणि तिच्यात तांदळापेक्षा पाणी जास्त होतं. फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. रोजची गोळी ते दिवसाआड घेत होते, कारण तशी ती जास्त पुरते. ही बुद्धिमान युक्ती त्यांनीच मला अभिमानानं सांगितली.

"तात्या, तुमची पेन्शन?"

"माजी?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "गाऱ्हानं घालनाऱ्यानं सोतासाठी मागायचं नसतं. मान जातो."

मला असा राग आला की काय सांगू. आम्ही अख्ख्या पंचक्रोशीला पेन्शनी मिळवून देत फिरत होतो आणि हा माणूस पाणी पिऊन गाऱ्हाणी घालत होता. मी तिथेच बसून त्यांचा अर्ज भरला आणि हात धरून सही करायला लावली.

चौकशीला तलाठी आले. चांगला माणूस. पंचनाम्याला म्हणून दोन्ही वाड्यांतले चार जण तात्यांच्या पडवीत बसले, त्यांत मी आणि काकी. शेतीचं विचारून झालं, घराचं झालं. मग तलाठ्यांनी खालमानेनं विचारलं, "मुलगा सांभाळतो का?"

यावर 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी आदल्या दिवशी तात्यांना ते दोनदा समजावलं होतं.

तात्यांनी छाती पुढे काढली. "सांबाळतो तर! राजावानी सांबाळतो. परवाच बोलला, बाबा, तुमाला कपाट धाडतो."

तलाठ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकीकडे पाहिलं, काकीनं छपराकडे पाहिलं. तात्या जे बोलले तेच लिहावं लागणार होतं. काही दिवसांनी अर्ज परत आला. अर्जदाराचा मुलगा कमावता असून सांभाळ करतो, सबब नामंजूर.

मी तो कागद घेऊन व्हाळ ओलांडला आणि त्यांच्या खळ्यात उभी राहून जे तोंडाला येईल ते बोलले. लोकांच्या खोकल्याचं गाऱ्हाणं घालता आणि स्वतःच्या उपासाची बढाई मारता? कपाट कसलं? आणि त्या कपाटात ठेवणार काय, पेज? तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग वहाणेनं माती उकरत म्हणाले,

"मास्तरीणबाय, चार मानसांत मी बापूस होऊन बोलू, की माजा पोरगा मला बगत नाय? आनि त्ये पोचलं तर? मुंबैला पोचलं, त्याच्या कानावर गेलं, तर मंग तो कदीच नाय येनार."

ज्याचा शब्द देवाला, एसटीला आणि सरकारला पोचतो, त्याला एवढं एकच वाक्य कुठे पोचायला नको होतं. माझा राग कुठच्या कुठे गेला. मी परत आले आणि घरी बसून चांगली रडले.

पण नुसतं रडून मला भागत नाही. परत आलेल्या अर्जांची फेरसुनावणी कचेरीत होणार असल्याचं कळलं, तेव्हा मी फेरअर्ज केला आणि तात्यांना सांगितलं, काकीचं काम पुन्हा अडलंय, चला. काकीला मी सगळं सांगितलं होतं. ती 'हूं' म्हणाली होती.

तात्या सदरा, टोपी, छत्री आणि खुळखुळणारा नारळ घेऊन निघाले. कचेरीत ओळखीची बरीच माणसं होती. ती कोळीण दुसऱ्या कुणासाठी तरी आली होती. तात्यांनी वहाणा काढल्या, टेबलावर नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि तेवढ्यात नायब तहसीलदार बाईंनी त्यांचंच नाव पुकारलं.

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जमीन दुभंगावी असं वाटलं. पण मी नजर हलवली नाही.

"आजोबा, आज तुमचं काम आहे?" बाई हसल्या. मग कागद बघता बघता त्यांचं हसू गेलं. "मला एकच विचारायचंय. मुलगा सांभाळतो का? हो की नाही, एवढं सांगा. पुढचं मी बघते."

तात्यांनी हात जोडले. तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा टोपी सारखी केली, पुन्हा तोंड उघडलं. रांग हुंकारासाठी तयार होऊन उभी होती आणि तात्यांच्या घशातून शब्द निघत नव्हता. ट्रेवाला क्लार्कसुद्धा उठून उभा राहिला. बाई थांबल्या होत्या, पण त्यांना किती थांबता येणार? मागे माणसं होती. बाईंनी पेन उचललं. नामंजूर लिहिलं की विषय कायमचा संपत होता.

तेवढ्यात शेवंताकाकीनं चपला काढल्या.

ती पुढे आली, तात्यांच्या शेजारी उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गुळगुळीत बोटांचे हात जोडले. जिच्या सासूला देवळाच्या पायरीवर चढू दिलं नव्हतं, जिनं जन्मात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं, तिनं खोल, चिरक्या आवाजात सुरुवात केली.

"बा सरकार म्हाराजा."

रांगेतली माणसं पुढे सरकली.

"ह्यो भागोजी. ह्यानं आमा सगळ्यांचं तुला सांगितलान. सोताचं सांगत नाय, कारन त्याचा तसा मान हाय. म्हनून मी सांगतंय म्हाराजा. त्याचा पोरगा वायट नाय. पोरगा मुंबैला हाय. मुंबै मोटी हाय, त्यात त्याला घरची वाट गावत नाय. आज ना उद्या गावंल. तो येईल म्हाराजा. पन तो वाटेला लागंपर्यंत ह्या म्हाताऱ्याला दोन घास आनि रोजची गोळी पायजे." काकीला खोकला आला. तिनं तो गिळला. "तवर तू त्याचा पोरगा हो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

छप्पर उडेल असा आवाज झाला. कोळीण ओरडली, रांग ओरडली, दारातला शिपाई ओरडला आणि ट्रेवाला क्लार्क तर दोन्ही हात वर करून ओरडला. मला मात्र त्या वेळी बोलता आलं नाही, कारण मी पदरानं डोळे पुसत होते. तात्या हात जोडून उभे होते आणि त्यांची टोपी वाकडी झाली होती. त्यांनी ती सारखी केली नाही.

नायब तहसीलदार बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे मला लेखी लागेल," त्या म्हणाल्या.

"लिहिते," मी म्हणाले.

"काय लिहाल?"

"काकी बोलली तेच. मुलगा मुंबईला आहे आणि सध्या त्याचा संपर्क नाही. पंचांच्या सह्यांसकट."

"चालेल," बाई म्हणाल्या. 'सांभाळत नाही' हे शब्द कुणालाच लिहावे लागले नाहीत. पंच म्हणून सही करायला रांगेतली इतकी माणसं पुढे आली की क्लार्कला त्यांना आवरावं लागलं. काकीनं अंगठा उठवला. तो नुसता काळा गोल उमटला, आणि बाईंनी तो बिनतक्रार घेतला.

बाहेर आल्यावर तात्यांनी कचेरीच्या आवारातल्या चिऱ्यावर नारळ आपटला. किती कामांचा साठलेला नारळ तो. आत पाण्याचा थेंब नव्हता, नुसती खोबऱ्याची गोड सुकी वाटी. त्यांनी तिचे लहान लहान तुकडे केले आणि रांगेतल्या प्रत्येकाला दिले. क्लार्कला कबूल केल्याप्रमाणे एकच तुकडा मिळाला. तो त्यानं कपाळाला लावून खाल्ला.

पेन्शन मंजूर झाली. पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी आम्ही तिघं पावसला बँकेत गेलो. तात्यांचा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. काकी त्या मशीनकडे रागानं बघत राहिली. औषधाच्या दुकानात तात्यांनी महिन्याच्या पुऱ्या गोळ्या घेतल्या, आणि आम्हाला चहा पाजायला टपरीवर नेलं. समोर आमची एसटी उभी होती आणि तोच ड्रायव्हर शेजारच्याच बाकावर होता. गावचीही पुष्कळ माणसं होती.

"काय तात्या, आज लई खुशीत?" टपरीवाल्यानं विचारलं.

तात्यांनी बशीतला चहा फुंकला. खिशातलं गोळ्यांचं पाकीट चाचपलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरानं पैशे धाडलेन."

तिथल्या प्रत्येकाला पैसे कुठून आले ते ठाऊक होतं. ड्रायव्हरलाही ठाऊक असावं, कारण त्यानं ग्लास ओठांशी नेता नेता थांबवला. तात्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःसाठी काहीतरी मागितलं होतं.

मी ग्लास खाली ठेवला, चपला काढल्या, आणि वर्गात पाढे म्हणून घ्यायचे त्या आवाजात, सगळ्यांच्या आधी ओरडले, "व्हय म्हाराजा!"